मायक्रोआरएनए आणि लांब नॉन-कोडिंग आरएनए: थायरॉइडच्या दुर्मीळ कर्करोगांत कोणाचे काम काय?

थायरॉइडच्या कर्करोगावरील शोधनिबंधांत आणि आता रुग्णांच्या नातेवाइकांच्या बोलण्यातही ‘नॉन-कोडिंग आरएनए’ हा शब्द असा येतो, की ती एकच वस्तू असावी असे वाटते. धुळे-जळगावकडील पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करताना मला हा गोंधळ वारंवार दिसतो. मायक्रोआरएनएविषयी सिद्ध झालेली गोष्ट ते लांब आरएनएच्या नावावर लिहितात आणि लांब आरएनएविषयीचा अंदाज मायक्रोआरएनएइतकाच पक्का मानतात. दोन्ही रेणू डीएनएवरून तयार होतात आणि दोघांपासूनही सहसा प्रथिन बनत नाही, एवढेच त्यांच्यातील साम्य आहे. दुर्मीळ कर्करोगांत मुळात नमुने मोजके असल्यामुळे हा फरक लक्षात न घेणे अधिकच महागात पडते.

मायक्रोआरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे आरएनएच्या धाग्यातील २२ मण्यांचा) असतो आणि त्याच्या घडणीचा मार्ग ठरलेला आहे. पेशीकेंद्रात तयार झालेला मोठा धागा ड्रोशा हे विकर कापते, सुमारे ७० न्यूक्लिओटाइडचा वळलेला तुकडा पेशीद्रवात जातो, तेथे डायसर त्याला पुन्हा कापते आणि उरलेला बारीक रेणू आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. मग तो आपल्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा धागा, शोधून त्यापासून प्रथिन बनणे रोखतो किंवा तो मेसेंजरच नष्ट करवतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत पहिला मायक्रोआरएनए आणि त्याची कार्यपद्धती उलगडली, आणि त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले. म्हणजे एखादा मायक्रोआरएनए ट्यूमरमध्ये वाढलेला आढळला, तर तो काय करत असावा याचा ढोबळ नियम आपल्या हाती असतो.

लांब नॉन-कोडिंग आरएनएच्या बाबतीत असा नियमच नाही. २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब आणि प्रथिन न घडवणारा, एवढीच त्याची रूढ व्याख्या आहे, आणि ती सोयीसाठी आखलेली आहे. या एका नावाखाली एक्स गुणसूत्र जवळजवळ पूर्ण बंद पाडणारा झिस्ट येतो आणि ज्यांचे काही काम आहे की नाही हेही ठरलेले नाही असे हजारो रेणूही येतात. कोणी डीएनएजवळ प्रथिनांना आणून बसवतो, कोणी प्रथिनांना बांधून ठेवतो, तर कोणाच्या बाबतीत रेणूपेक्षा डीएनएवरून त्याचे लेखन होणे हीच महत्त्वाची घटना असते. म्हणून ‘अमुक लांब आरएनए वाढला’ या वाक्यातून कार्याविषयी स्वतःहून काहीच निष्पन्न होत नाही. ते प्रत्येक वेळी वेगळे दाखवावे लागते.

येथे दुर्मीळ कर्करोग म्हणताना मुख्यतः दोन अभिप्रेत आहेत. मेड्युलरी कर्करोग कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या सी-पेशींतून उद्भवतो आणि थायरॉइडच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के असते. अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग १ ते २ टक्केच असतो, पण काही आठवड्यांतच मान भरून येते, आवाज बसतो आणि श्वास कोंडू लागतो. अक्कलकुवा किंवा तळोद्याच्या दुर्गम पाड्यावरून रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचेतो त्या आठवड्यांपैकी बरेचसे निघून गेलेले असतात.

दोन्ही रेणूंमधील फरक ईझेडएच-२ या एकाच प्रथिनाच्या आधारे उत्तम दिसतो. हे प्रथिन जनुकांवर ‘बंद’ची रासायनिक खूण करणाऱ्या संकुलाचा भाग आहे आणि अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगात ते वाढलेले आढळते. मायक्रोआरएनए-२५ आणि मायक्रोआरएनए-३०डी हे ईझेडएच-२ च्या मेसेंजरवर बसून त्याचे उत्पादन आवरतात. अ‍ॅनाप्लास्टिक ट्यूमरमध्ये ते दोन्ही घटतात आणि आवर सुटतो. आता याच संकुलाशी जोडलेला लांब आरएनए पाहा. मेड्युलरी कर्करोगात वाढलेला आढळलेला हॉटेअर ईझेडएच-२ चे उत्पादन वाढवत नाही. तयार संकुलाला विशिष्ट जनुकांकडे नेतो, असे २००७ पासून मांडले गेले. पुढे, हॉटेअर जनुके दाबतो तेव्हा त्याला या संकुलाची खरोखर गरज लागते का, यावरच मतभेद झाले. एकीकडे पुरवठ्याचा हिशेब, दुसरीकडे ठिकाणाचा. आणि पुराव्याची बळकटीही सारखी नाही.

मॅलॅट-१ या लांब आरएनएचे उदाहरण आणखी सावध करणारे आहे. थायरॉइडच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पॅपिलरी कर्करोगात तो वाढलेला, तर अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये घटलेला नोंदवला गेला आहे. ‘मॅलॅट-१ कर्करोग वाढवतो’ असे सरसकट विधान थायरॉइडपुरतेही टिकत नाही. पॅपिलरीच्या रुग्णांच्या मोठ्या मालिकेतून निघालेला निष्कर्ष दुर्मीळ प्रकारावर चिकटवण्याची घाई मला म्हणूनच धोक्याची वाटते.

मायक्रोआरएनएच्या बाजूलाही सापळे आहेतच. मायक्रोआरएनए-३७५ मेड्युलरी ट्यूमरमध्ये ठळकपणे वाढलेला दिसतो आणि काही मालिकांत त्याचा संबंध मानेच्या बाजूच्या लसीकाग्रंथींत रोग पसरण्याशी जोडला गेला आहे. परंतु ट्यूमरची तुलना शेजारच्या निरोगी थायरॉइडशी केली असेल, तर त्या ऊतीत बहुतांश थायरॉइडचे नेहमीचे संप्रेरक बनवणाऱ्या फॉलिक्युलर पेशी असतात आणि सी-पेशी अगदी थोड्या. मायक्रोआरएनए-३७५ स्वादुपिंडातील बीटा पेशींसारख्या संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींत मुळातच भरपूर असतो. तेव्हा दिसणारी वाढ कर्करोगाची की केवळ पेशीच्या जातीची, हा प्रश्न विचारायलाच हवा. सुईने काढलेला नमुना मेड्युलरी आहे का, हे ओळखण्यासाठी ही खूण उपयोगी ठरते. रोगाचे कारण म्हणून ती पुढे करायला मात्र वेगळा पुरावा लागतो.

खरी गुंतागुंत सीमेवर आहे. अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगात वाढणारा मायक्रोआरएनए-१७-९२ समूह पाहा. त्यातील सहा मायक्रोआरएनए एकाच लांब धाग्यातून निघतात, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत एका घडातून फण्या वेगळ्या कराव्यात तसे. त्या मूळ धाग्याच्या जनुकाची नोंद लांब नॉन-कोडिंग आरएनएच्या यादीत आहे. एच-१९ ची गोष्टही तशीच: तो स्वतः लांब आरएनए, पण त्याच्या पोटातून मायक्रोआरएनए-६७५ कापला जातो. म्हणून अ‍ॅनाप्लास्टिक पेशींत एच-१९ वाढला असे वाचल्यावर परिणाम लांब रेणूचा की त्यातून सुटलेल्या बारीक रेणूचा, हे निबंधात तपासले आहे का ते मी आधी शोधतो. बहुधा लांब रेणूचे मोजमाप करून तेथेच थांबलेले असते.

आणखी एक लोकप्रिय दावा ‘स्पंज’चा. लांब आरएनए मायक्रोआरएनएला शोषून घेतो आणि त्यामुळे त्याचे लक्ष्य मोकळे सुटते, ही मांडणी २०११ नंतर फार पसरली. ती अशक्य नाही, पण येथे संख्येला महत्त्व आहे. पेशीत एखाद्या मायक्रोआरएनएच्या हजारो प्रती असतील आणि त्याला धरणाऱ्या लांब रेणूच्या मोजक्याच, तर त्या मोजक्या रेणूंनी काय शोषले जाणार? प्रतींची गणना न देता केवळ बाणांची आकृती काढणाऱ्या निबंधावर माझा विश्वास बसत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही तो ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडील प्रयोगशाळांच्या दृष्टीने सर्वांत व्यावहारिक फरक पॅराफिन ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात जतन केलेल्या ऊतीत, दिसतो. ट्यूमरचा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की आरएनएला रासायनिक बंध चिकटतात आणि लांब रेणू तुटत जातात. पुढे मेणात बसवलेला तो ब्लॉक उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या गावात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे पडून राहिला, तर हजारो न्यूक्लिओटाइडचा लांब आरएनए अखंड मिळण्याची आशा उरत नाही. ब्लॉकच्या प्लास्टिक कॅसेटवरचा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक वाचता येतो, रंगवलेल्या काचेवर मेड्युलरी ट्यूमरमधील अमायलॉइड या प्रथिनाचे साठे दिसतात, पण लांब रेणूचे तुकडेच हाती येतात. मायक्रोआरएनए आधीच आखूड आणि आर्गोनॉटमध्ये दडलेला असल्याने अशा ब्लॉकमधूनही बऱ्यापैकी मोजता येतो; रक्तद्रवातही तो टिकतो. दुर्मीळ कर्करोगाचे नमुने वर्षांनुवर्षे साठवूनच जमतात, त्यामुळे जुन्या ब्लॉकवरचा अभ्यास मायक्रोआरएनएपासून सुरू करणे शहाणपणाचे आहे.

उपचारात मात्र दोन्ही रेणू अजून मागे आहेत. मायक्रोआरएनए-३४ए ची नक्कल करणाऱ्या औषधाची घन ट्यूमरवरील चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. थायरॉइडच्या कर्करोगासाठी या दोन्हींपैकी कोणत्याही रेणूवर आधारलेले औषध नेहमीच्या वापरात नाही. याउलट अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये बीआरएएफ या जनुकातील व्ही६००ई हा बदल सापडला, तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या औषधांची जोडी देता येते. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. रेट जनुकातील बदल असलेल्या मेड्युलरीसाठी २०२० पासून सेल्परकॅटिनिब हे औषध आहे.

भुसावळहून मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी ‘डॉक्टरसाहेब, ती आरएनएची तपासणीही करून घेऊ का?’ असे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी याच तपासण्यांविषयी विचारायला सांगतो. अ‍ॅनाप्लास्टिकचा संशय असेल तर बीआरएएफची तपासणी तातडीने व्हावी. मेड्युलरी असेल तर कॅल्सिटोनिन, सीईए (रक्तात मोजली जाणारी ट्यूमरची एक खूण) आणि रक्तातून रेटची तपासणी व्हावी. कारण सुमारे एक चतुर्थांश मेड्युलरी कर्करोग आनुवंशिक असतात, आणि रुग्णात तो बदल सापडला तर त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.