पाखडल्याविना नागपूरला

माझी काकू आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६७. तिच्या दारामागच्या खिळ्याला कापड दुकानाची एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्या तब्येतीचा सगळा इतिहास त्या पिशवीत असतो. सगळ्यात वर नागपूरची फाइल, प्लास्टिकच्या कव्हरातली, टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रंगीत फोटो लावलेली. तिच्याखाली तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरच्या चिठ्ठ्या. आणि तळाशी, चुरगळलेले, प्राथमिक आरोग्य केंद्राचे, म्हणजे पीएचसीचे, केसपेपर. त्यातल्या एकाच्या पाठीमागे तिनं कापूस वेचणीचा हिशोब लिहून घेतला होता.

मी विचारलं, सरकारी दवाखान्यात काय करतात?

"काही नाई करत बापा. बीपी पाहते न् गोया देते."

आणि नागपूरला?

"तिथं छातीले मशीन लावली. कॉम्प्युटरवर दिल दाखोलं माहं."

विदर्भातल्या कुठल्याही गावात जा, हाच निकाल ऐकू येतो. पीएचसी म्हणजे फुकटच्या गोळ्या, नागपूर म्हणजे खरा इलाज. पेशंटच्या अनुभवाला खोटं म्हणायचा मला अधिकार नाही, आणि काकूचा अनुभव खोटा नाहीच. पण तो तसा का येतो याचं बरंचसं उत्तर डॉक्टरांच्या हुशारीत सापडत नाही, ते साध्या गणितात सापडतं.

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती जुळवून एक चित्र मांडलं, ते आजही वैद्यकशास्त्राच्या वर्गात दाखवतात. एक हजार प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. डॉक्टरकडे जातात २५०. दवाखान्यात भरती होतात ९, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जातात ५, आणि मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त १. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत हाच हिशोब पुन्हा केला गेला. मधल्या काळात सीटी स्कॅन आले, एमआरआय आले, पण चित्राचा आकार जवळपास तोच राहिला.

गंमत अशी की डॉक्टर घडतो त्या एका पेशंटजवळ. नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, शिकणाऱ्या मुलाला वॉर्डात जे दिसतं ते त्या हजारातलं शेवटचं टोक असतं. मग तो बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष काढायला पीएचसीत येतो आणि त्याच्यासमोर उरलेले २४९ रांगेत उभे राहतात. छातीत दुखणारा इथंही येतो, पण तो वेगळ्या जगातला असतो. त्याचं दुखणं पोत्यांची हमाली करून आखडलेल्या स्नायूचं असतं, जळजळीचं असतं, कधी सावकाराच्या तगाद्याचं असतं, आणि क्वचित हृदयाचं.

इथं ते गणित येतं. समजा, हृदयविकार ओळखण्याची एक तपासणी आहे. ज्यांना खरंच आजार आहे अशा १०० पैकी ९० जणांना ती पकडते. ज्यांना नाही अशा १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडून देते. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण खऱ्या तपासण्याही याच जातीच्या असतात. आता पीएचसीत छातीत दुखतं म्हणून आलेल्या १,००० जणांवर ती करा. समजा त्यात खरे हृदयरोगी २० आहेत. तपासणी त्यातले १८ पकडेल. उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी ९८ जणांनाही ती "आजार आहे" म्हणेल. म्हणजे ११६ जणांच्या हातात घाबरवणारा कागद, आणि त्यातले खरे फक्त १८. शंभरातले १५-१६.

तीच तपासणी, तेच मशीन, हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या. त्याच्याकडे पारखून पाठवलेल्या १,००० पेशंटांत समजा ४०० खरे रोगी आहेत. ३६० पकडले जातील, ६०० निरोग्यांपैकी ६० जणांवर खोटा शिक्का बसेल. ४२० कागदांपैकी ३६० खरे. शंभरातले ८६.

मशीन बदललं नाही. बदललं ते त्याच्यासमोर आलेलं माणसांचं पीक. खळ्यावरच्या तुरीत दाण्याबरोबर कुटार, खडे, माती सगळं असतं. सुपात पाखडून आलेल्या तुरीत हात घातला की दाणाच लागतो. तज्ज्ञाचा हात नेहमी दाण्यावरच पडतो असं आपल्याला वाटतं, त्याचं अर्धं श्रेय सुपाचं असतं. ब्रिटन-नॉर्वेसारख्या देशांत हे सूप सक्तीचं आहे. आधी आपला नेहमीचा डॉक्टर, त्याची चिठ्ठी, मग तज्ज्ञ. आपल्याकडे कुणीही एसटीत बसून थेट नागपूरला जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य म्हणून छान वाटतं. पण त्यामुळे तज्ज्ञाच्या दारातली रांगही खळ्यासारखीच होत चालली आहे, आणि त्याच्या तपासण्यांचा भरवसा तेवढाच खाली येतो. मग एका संशयास्पद रिपोर्टावर दुसरी तपासणी, दुसरीवर तिसरी. महात्मा फुले योजनेचा भर भरती होऊन करायच्या उपचारांवर आहे. त्याआधीच्या ओपीडीच्या फेऱ्या, तपासण्या, जेवणखाण, बुडालेली मजुरी हे सगळं पेशंटच्या कनवटीतून जातं.

पीएचसीच्या डॉक्टरचं जे वागणं लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते म्हणजे "दोन दिवस गोळ्या घ्या, मग पाहू". हा टोलवाटोलवीचा प्रकार असतो का? कधी कधी असतो, हे कबूल. पण नीट केलं तर तीही एक तपासणीच आहे. पावसाळ्याच्या शेवटी येणारा ताप घ्या. पहिल्या दिवशी साधा विषाणूचा ताप, डेंगी, मलेरिया आणि स्क्रब टायफस एकमेकांसारखेच दिसतात. डेंगीची खरी धोक्याची वेळ बहुधा ताप उतरताना येते. स्क्रब टायफसमध्ये अनेकांच्या अंगावर, गवतातला बारीक किडा चावला तिथं, काळी खपली धरते, आणि ती काखेत, जांघेत, लुगड्याच्या गाठीखाली लपलेली असते. २०१८ मध्ये नागपूर भागात या आजारानं माणसं दगावली. त्यावरची डॉक्सीसायक्लिनची गोळी अगदी स्वस्त. ती वेळेवर द्यायला एमआरआय लागत नाही. कपडे बाजूला करून बघणारा कुणीतरी लागतो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघणारा तोच माणूस लागतो.

फक्त "मग पाहू" म्हणताना पुढचं वाक्यही बोलावं लागतं: लघवी कमी झाली, उलट्या थांबल्या नाहीत, दम लागला, तर दोन दिवस थांबू नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर वाट पाहायची नाहीच, सरळ १०८ ला फोन. हे वाक्य गाळलं की "मग पाहू"चा अर्थ पेशंटच्या कानात "जा इथून" असा होतो.

आणि ते गाळलं जातं, कारण वेळ नसतो. २०१७ मध्ये ६७ देशांची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं की प्राथमिक पातळीवरचा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत आमच्या भागातली बाई अजून "मंगळवारी जावई आला होता, तवापासून…" इथंच असते. पण स्वित्झर्लंडमध्ये एकदा डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं की पेशंटला मध्ये तोडू नका, बोलू द्या. ३३५ पेशंटांचा सरासरी वेळ निघाला ९२ सेकंद! पाच मिनिटांच्या वर बोलणारे फक्त सात.

तज्ज्ञ जास्त ऐकून घेतात असा समज असेल तर तोही तपासायला हवा. अमेरिकेतल्या ११२ भेटींची रेकॉर्डिंग ऐकून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "आज काय त्रास घेऊन आलात" हे पेशंटला मनापासून विचारलं गेलं का? प्राथमिक डॉक्टरांकडे १०० पैकी ४९ भेटींत, तज्ज्ञांकडे २० भेटींत. ज्यांना बोलायची संधी मिळाली त्यातल्या बऱ्याच जणांना मध्येच तोडलं गेलं, आणि तेही साधारण ११ सेकंदांत. तज्ज्ञाची बाजू अशी की त्याच्या टेबलावर चिठ्ठी आलेली असते. त्रास काय ते त्याला आधीच माहीत असतं. ठीक. पण जिथं चिठ्ठीच येत नाही, तिथं हा आखूड रस्ता घेतला तर मधला पूलच नसतो.

ज्या दुखण्यांना मुळात कुणी विचारतच नाही त्यांचा हिशोब आणखी वेगळा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची घरोघरच्या संपर्कातून तपासणी केली. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांत काही ना काही स्त्रीरोग सापडला. त्याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं हे वाक्य नागपूरच्या केबिनमध्ये, शेजारी नवरा किंवा दीर उभा असताना, निघत नाही. ते नर्सबाईच्या किंवा आशाताईच्या कानात, ओट्यावर गहू निवडताना निघतं.

अर्थात ओट्यावर सगळं भागत नाही. विदर्भातल्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, पेशंटला विचारा. पहिली सोपी चाचणी गावाजवळ होते, पक्कं निदान मोठ्या प्रयोगशाळेत. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध सुरू करायचं की नाही हे जाणकार डॉक्टरनंच ठरवावं. पण थंडीच्या रात्री दोन वाजता हाडं फुटायला लागतात तेव्हा नागपूर दीडशे किलोमीटरवर असतं. त्या वेळी पाणी, ऊब, वेदनाशामक आणि "हा नाटक करत नाही, याला सिकल आहे" हे ओळखणारा माणूस जवळ लागतो. अशा पेशंटला दोन्ही दवाखाने लागतात, आणि त्यांनी एकमेकांशी बोलणंही लागतं.

ओळखणारा माणूस ही भावनेची गोष्ट वाटते, पण ती मोजलीही गेली आहे. नॉर्वेत प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींत असं दिसलं की एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त जाणाऱ्यांत, वर्षभरच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीनं भरती होण्याचं प्रमाण २८ टक्के आणि मृत्यूचं २५ टक्के कमी होतं. अशा अभ्यासातून कारण पुरतं सिद्ध होत नाही. पण २०१८ मध्ये जगभरातले असे २२ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा १८ एकाच दिशेला बोट दाखवत होते. त्यात तज्ज्ञांवरचेही होते, म्हणजे ओळखीचा फायदा फक्त गावच्या डॉक्टरपुरता नाही. आमच्या पीएचसीत डॉक्टर वर्षाला बदलतो. पंधरा वर्षं तिथंच असलेली माणसं म्हणजे नर्सबाई, आशाताई आणि शिपाई. नॉर्वेचा डॉक्टर आमच्याकडे बहुधा साडी नेसतो आणि स्कूटीवर फिरतो.

आता परत काकूच्या पिशवीकडे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या पायांवर सूज आली. तालुक्याच्या डॉक्टरनं लघवी जास्त व्हायची गोळी दिली. सूज थोडी उतरली, पण उठताना चक्कर यायला लागली आणि एका सकाळी ती न्हाणीत पडली. नागपूरला डोक्याचा एमआरआय करायचं ठरलं. पैशाची जुळवाजुळव चालू होती.

त्या आठवड्यात उपकेंद्राच्या सिस्टर तिशीपुढच्यांचं बीपी-शुगर बघत घरोघर फिरत होत्या. काकूचं उठतानाचं बीपी कमी लागलं. त्या म्हणाल्या, "काकू, पिशवी आणा बरं इकडं." सगळ्या गोळ्या खाटेवर ओतल्या. पीएचसीच्या पट्टीवर लिहिलेलं होतं अॅम्लोडिपिन, बीपीचं औषध. नागपूरच्या डबीवर कंपनीचं नाव मोठं आणि खाली बारीक अक्षरात: टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन. तेच औषध, दुप्पट. अॅम्लोडिपिनचा डोस वाढला की पायावर सूज येते, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. त्या सुजेला नवा आजार समजून दुसरं औषध, त्या औषधाच्या त्रासाला तिसरी तपासणी. वैद्यकात याला औषधांची साखळी म्हणतात. १९९० च्या दशकापासून त्यावर लिहिलं जातंय.

नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. "आधीच्या काही गोळ्या चालू आहेत का?" काकूनं नाही सांगितलं.

"काऊन?" सिस्टर म्हणाल्या.

"त्या त सरकारी होत्या ना. त्याले काय औषध म्हनाचं?"

सिस्टरनं तिथूनच पीएचसीच्या डॉक्टरला फोन लावला. त्यानं जास्तीची पट्टी आणि लघवीची गोळी दोन्ही बंद करायला सांगितल्या, आठवडाभर बीपी बघायला सांगितलं. सिस्टरनं नागपूरच्या फाइलच्या कव्हरावर जाड मार्करनं चालू गोळ्यांची यादी मराठीत लिहिली. एमआरआय पुढं ढकलला, मग तो लागलाच नाही. पंधरा दिवसांत चप्पल पुन्हा पायात बसायला लागली.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा विचारलं, कशी आहे आता तब्येत?

"बेस हाये. सूज उतरली, चक्करही नाई." मग पायाकडे बघत जरा नाराजीनं, "पन मशीन नाई लावली तिनं."