विटालिनाचं मांजर आणि एक मिलीमीटर

परवा ग्रुपवर कोणीतरी टोकियो ऑलिम्पिकचा फोटो टाकला, रशियाची नेमबाज विटालिना बत्साराश्किना, गळ्यात मांजराचं तोंड असलेलं लॉकेट. खाली लगेच सुरू, 'लॉकेट लकी आहे', 'घारीची नजर आहे बाईची'.

आधी लॉकेटचं सांगतो. ते विचर नावाच्या व्हिडिओ गेममधलं आहे, ती त्या गेमची फॅन. 2016 ला रिओत लांडग्याचं घातलेलं आणि तिथे सिल्व्हर मिळालं, मग काय लांडगा कमी लकी होता का? असो.

आता ती घारीची नजर. गंमत अशी की 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये खेळाडूला टार्गेट नीट दिसतच नाही, आणि ते मुद्दाम! हात लांब करून अंगठा धरा आणि अंगठ्याच्या शेजारून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचा बघू. तारीख वाचली की अंगठा धूसर होतो, अंगठा नीट बघितला की तारीख गेली. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतराला फोकस होतं. नेमबाज फोकस ठेवतो पुढच्या साइटवर, म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या छोट्या खुंटीवर (जुने लोक तिला माशी म्हणतात; नेम धरताना ती मागच्या साइटच्या खाचेत बसवायची), आणि टार्गेट म्हणजे नुसता काळा ढग.

असं का, तर हिशोब करा. मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण 35 सेंमी अंतर धरू. माशी खाचेत 1 मिमी बाजूला गेली तर तो कोन 10 मीटरवर पोचेपर्यंत 10000 भागिले 350, म्हणजे 28 मिमीपेक्षा जास्त होतो. टार्गेटच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिमी आणि पुढची प्रत्येक रिंग 8 मिमी रुंद, म्हणजे दहाचा शॉट थेट सातात. पण माशी खाचेत बरोबर बसलेली असताना अख्खा हात डुलला आणि नेम टार्गेटवर 5 मिमी सरकला, तर छर्रा 5 मिमीच चुकतो, दहा शाबूत! म्हणून हात डुलला तरी चालतं, मनगट वाकलं आणि माशी खाचेतून सरकली की संपलं. हात तर सगळ्यांचाच थरथरतो, सेकंदाला 8 ते 12 वेळा, वर हृदयाचे ठोके वेगळे. ठोके शांत करणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात बंदी घातलेली आहेत ती त्याचसाठी.

रशियातल्या ओम्स्क शहराच्या या मुलीने टोकियोत सहा दिवसांत तीन मेडल काढली, एअर पिस्तूलचं गोल्ड 240.3 गुणांच्या ऑलिम्पिक रेकॉर्डने, आर्टेम चेर्नोउसोवबरोबर मिक्स्ड टीमचं (एक पुरुष, एक बाई अशा जोडीचं) सिल्व्हर, आणि 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड. हा 25 मीटर म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा प्रकार, 2018 च्या एशियाडचं गोल्ड तिचं यातलंच. इथे ट्रिगरला एअर पिस्तूलच्या 500 ग्रॅमऐवजी किमान 1000 ग्रॅमचा जोर लागतो, म्हणजे मनगट वाकायची भीती दुप्पट, आणि फायनलला हात खाली ठेवून उभं राहायचं, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत वर आणून माशी खाचेत बसवून शॉट. शॉट 10.2 गुणांच्या खाली गेला की मिस. असे 50 शॉट, त्यातले विटालिनाचे 38 बसले.