सीडीसाठी घडलेली आयएसओ पेनड्राइव्हवर कशी चालू लागली

बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करून लिनक्स किंवा विंडोज बसवता येतं असा पेनड्राइव्ह, बनवताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे: आयएसओ फाइल हा अख्ख्या सीडीचा ठसा आहे आणि संगणक पेनड्राइव्हला समजतो हार्डडिस्क.

सीडीवर फाइल्स कशा मांडायच्या हे ठरवणारं आयएसओ ९६६० मानक १९८८ चं. त्यात संगणक सुरू करण्याची सोय नव्हती. ते काम १.४४ एमबीची फ्लॉपी करायची. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ पद्धत आणली. शून्यापासून मोजल्यास सीडीच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे साठवणीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बूट-कॅटलॉगचा, म्हणजे सुरू करायच्या प्रोग्रामांच्या यादीचा, पत्ता असतो. तो वाचून बायोस, म्हणजे संगणक चालू होताच आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, पुढे जातो.

हार्डडिस्कचा नियम निराळा. तिथे बायोस पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो: ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी), शेवटचे दोन बाइट खुणेचे. एल टोरिटोकडे तो बघतही नाही. म्हणून आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली की मशीन ढिम्म हलत नाही.

यावरचा तोडगा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. आयएसओ ९६६० मध्ये सुरुवातीचे २०४८ बाइटचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळेच सोडलेले असतात. एच. पीटर अन्विन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पाने २००८ मध्ये ‘आयसोहायब्रिड’ आणलं आणि त्या मोकळ्या जागेत हार्डडिस्कचा बूट-सेक्टर बसवला. तीच फाइल सीडीवर सीडीसारखी चालते, पेनड्राइव्हवर डिस्कसारखी. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ आज अशाच हायब्रिड असतात, त्यामुळे लिनक्सच्या ‘डीडी’ कमांडने बाइटला बाइट उतरवल्या की काम होतं. त्याआधी शा-२५६ चेकसम (फाइल बिनचूक उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवा, डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ने पेनड्राइव्हचं नाव पक्कं करा आणि तो अनमाउंट करा, म्हणजे सिस्टिमपासून सोडवा. लिहायचं पूर्ण डिस्कवर, उदाहरणार्थ ‘एसडीबी’वर. ‘एसडीबी१’ या त्यातल्या पार्टिशनवर लिहिलंत तर बूट-सेक्टर पार्टिशनच्या आत जाऊन पडतो आणि बायोसला सापडत नाही. ब्लॉक ४ एमबीचा ठेवा. ‘एफसिंक’चा पर्याय जरूर द्या, नाहीतर डेटा मेमरीतच रेंगाळत असताना काम संपल्यासारखं दिसतं आणि घाईत काढलेला पेनड्राइव्ह अर्धवट राहतो. नाव चुकलं तर दुसऱ्याच डिस्कवरचा डेटा जातो. डीडी काही विचारत बसत नाही.

नंतर विंडोजमध्ये तो पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसू शकतो. तो बिघडलेला नसतो. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये योग्य डिस्क निवडून ‘क्लीन’ करा आणि पुन्हा फॉरमॅट करा.

विंडोजची आयएसओ मात्र हायब्रिड नसते, म्हणून तिथे डीडी चालत नाही. २०११ मध्ये आलेलं रूफस हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह फॉरमॅट करून आयएसओच्या आतल्या फाइल्स त्यावर उतरवतं आणि सिस्टिम सुरू करणारा बूटलोडरही बसवतं. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयमुळे हे सोपं झालं: फॅट३२ (फाइल्स मांडण्याची एक जुनी पद्धत) पार्टिशनवर ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’, त्यात ‘बूटएक्स६४’ ही फाइल असली की पुरतं. पण फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही आणि विंडोज बसवण्याच्या फाइल्सचा गठ्ठा असलेली ‘इन्स्टॉल.विम’ बऱ्याचदा त्याहून मोठी असते. मग ती विंडोजच्या डिझम कमांडने ३८०० एमबीचे तुकडे करून ठेवावी लागते, किंवा रूफस एनटीएफएस (मोठ्या फाइल्स मावणारी विंडोजची पद्धत) पार्टिशनला छोटा यूईएफआय लोडर जोडून देतं. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉयने क्रमच उलटा केला: पेनड्राइव्ह एकदाच तयार करायचा, मग हव्या तेवढ्या आयएसओ त्यावर नुसत्या कॉपी करायच्या.

सगळं बरोबर करूनही इन्स्टॉल अर्ध्यावर फाइल वाचता येत नाही म्हणून थांबत असेल, तर पेनड्राइव्हवरच संशय घ्या. ३२ जीबी छापलेल्या नकली पेनड्राइव्हमध्ये चिप ४ किंवा ८ जीबीचीच असू शकते. त्यापुढचं लिहिलेलं हरवतं आणि एररही येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असो की ऑनलाइन मागवलेला, रिकामा असतानाच एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बिल हातात असेपर्यंत बदलून मिळतो.