धावपटूंची कंबर आणि ‘सरकलेली गादी’ : पार्श्वभूमी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणाऱ्यांना काय दुखते असे विचारले, तर बहुतेक जण ‘कंबर’ एवढेच सांगतात. नेमके कोठे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले, की मात्र ही कंबर जागा बदलते. एकाचे बोट पाठीच्या तळाशी जाते, दुसऱ्याचे कुल्ल्यात खोल रुतते, तिसऱ्याचे खुब्याच्या बाहेर लागणाऱ्या हाडावर टेकते, आणि चौथा अंगठा मागे व बोटे पुढे जांघेकडे ठेवून अख्खा खुबाच मुठीत धरतो. या चारही जागांची कारणे निरनिराळी असू शकतात. तरीही चौघांनाही कोणी ना कोणी ‘गादी सरकली असेल’ असे सांगितलेले असते.

चरकसंहितेत गृध्रसीची, म्हणजे आजच्या सायटिकाची, वेदना कुल्ल्यापासून पावलापर्यंत कशी उतरते ते सांगितले आहे. घरोघरी मात्र कंबरेत उसण भरत असे आणि पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ हा तिच्यावरचा उतारा मानला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य वैद्यकाचा संशय कणा आणि कटीचे हाड जुळतात त्या सांध्यावर होता. १९३४ मध्ये अमेरिकेतील दोन शल्यविशारदांनी मणक्यांमधील फुटलेली चकती (बोलीतली ‘गादी’) नस दाबते आणि ती शस्त्रक्रियेने काढता येते हे दाखवले, आणि त्यानंतर कित्येक दशके संशयाची सुई चकतीवरून हललीच नाही.

इंग्रजी ‘स्लिप डिस्क’वरून मराठीत आलेली ‘गादी सरकणे’ ही संज्ञा मुळातच चुकीची आहे. चकती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते, त्यामुळे ती सरकत नाही. तिचे बाहेरचे कडे झिजते किंवा फाटते आणि आतला मऊ गर बाहेर फुगतो. मराठी शब्दाने घोटाळा आणखी वाढवला, कारण पलंगावरची गादी सरकते तशी ती ढकलून जागेवरही आणता येते, आणि ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे लोक जातात ते याच समजुतीने. वास्तविक बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेते. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. अहवालात ‘बल्ज’ (फुगवटा) हा शब्द वाचून धावणे कायमचे सोडणाऱ्यांना हा आकडा सहसा कोणी सांगत नाही.

विश्रांतीच्या बाबतीतही असेच झाले. १९८६ मधील एका चाचणीत दोन दिवस पडून राहणाऱ्यांना सात दिवस पडून राहणाऱ्यांइतकाच गुण आला. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तर झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारेच लवकर सावरले. ‘महिनाभर फळीवर झोपा’ हा सल्ला मात्र अजून ऐकू येतो.

खुब्याच्या बाहेरच्या दुखण्याला बरीच वर्षे तेथील द्रवाच्या पिशवीची (बर्साची) सूज म्हटले जाई आणि स्टेरॉईडचे इंजेक्शन दिले जाई. सोनोग्राफी व एमआरआयमुळे कळले की मूळ बिघाड बहुधा कुल्ल्याच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांत असतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील २०४ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर व्यायाम आणि समजावणी यांचा गुण इंजेक्शनपेक्षा अधिक दिसला. समजावणीतल्या गोष्टी अगदी साध्या असतात: एका पायावर भार टाकून रेलून उभे राहू नये, पायावर पाय टाकून बसू नये. धावणाऱ्याने याशिवाय आठवड्याचे किलोमीटर तात्पुरते कमी करावेत, चढ-उतार टाळावेत, पावले किंचित आखूड व जलद टाकावीत, आणि कुल्ल्याच्या स्नायूंना हळूहळू वाढता भार द्यावा. केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम (स्ट्रेचिंग) करत राहिल्याने बाहेरची कंडरा हाडावर अधिकच दाबली जाते.

पायात वाढती कमजोरी, बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जांघेत दुखून पाय टेकताना कळ येत असेल, विशेषतः सराव एकाएकी वाढवल्यानंतर, तर धावणे ताबडतोब थांबवणे भागच असते, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेलेला असू शकतो. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. कंबरेच्या बाबतीत नाहक घाबरवणारा एमआरआयच येथे लगेच काढून घ्यावा लागतो.