करडा चौकोन आणि प्लगइनची भानगड
२००८-०९ च्या सुमारास लिनक्स वापरणाऱ्यांना एक चित्र पाठ झालेलं असायचं, पानाच्या मधोमध करडा चौकोन अन् त्यात कोड्याचा तुकडा. प्लगइन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नाहीये, बसा बोंबलत. शेजारी रूममेटच्या विंडोजवर तीच साईट मस्त नाचतेय आणि मी चौकोनाकडे बघतोय.

तेव्हा व्हिडिओ, अॅनिमेशन वगैरे ब्राउझरला स्वतःला जमायचं नाही. पानात एम्बेड टॅग (इथे बाहेरचं काहीतरी लावायचंय असं सांगणारी खूण) दिसला की ब्राउझर त्यातला टाइप बघायचा, त्या टाइपचं प्लगइन शोधायचा आणि पानातली तेवढी जागा त्याला भाड्याने दिल्यासारखी देऊन मोकळा व्हायचा, आत भाडेकरू काय करतो त्याचा घरमालकाला पत्ता नाही. म्हणून तर पूर्ण फ्लॅशमधल्या (फ्लॅश म्हणजे व्हिडिओ-अॅनिमेशनचं तेव्हाचं लोकप्रिय प्लगइन) साईटवर कंट्रोल-एफ मारून काही सापडायचं नाही आणि बॅक दाबलं की थेट साईटबाहेर!

पण खरी मेख वेगळीच होती. प्लगइन हा शेवटी त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम, म्हणजे 'सगळीकडे चालतं' यातलं सगळीकडे कुठवर ते कंपनी ठरवणार. फ्लॅशला टक्कर द्यायला मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सिल्व्हरलाइट आणलं, ते विंडोज आणि मॅकपुरतं. लिनक्ससाठी नोव्हेल कंपनीतल्या मिगेल दे इकाझाच्या टीमने त्याची मुक्त आवृत्ती, मूनलाइट, लिहायला घेतली, पहिला नमुना म्हणे २१ दिवसांत उभा केला (वेडी माणसं!), पण सिल्व्हरलाइटवर चालणाऱ्या नेटफ्लिक्सच्या व्हिडिओला जे डीआरएमचं (कॉपी रोखणाऱ्या तंत्राचं) कुलूप होतं त्याची किल्ली काही मूनलाइटकडे नव्हती, मग काय उपयोग. २०१२ मध्ये त्यांनी नाद सोडला.

फ्लॅशला मात्र फोन नडला. आयफोनवर ते कधी आलंच नाही, २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून बॅटरी, सिक्युरिटी, टच अशी कारणं दिली. कारणं खरीच होती, पण अॅप स्टोअरचा धंदाही होताच की. तोवर एचटीएमएल५ चा (वेबपानं लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीचा) व्हिडिओ टॅग आला होता, म्हणजे ब्राउझर प्लगइनशिवायच व्हिडिओ दाखवू लागले, २०१५ मध्ये क्रोमने जुनी प्लगइन जोडायची सोयच काढून टाकली आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपला.

डीआरएमचं कुलूप मात्र गेलेलं नाही हं. फायरफॉक्सच्या अॅड-ऑन्समध्ये प्लगइन्स उघडा, वाइडवाइन नावाचा, हे कुलूप उघडणारा बंद डबा तिथे बसलेला दिसेल.