व्यत्यय, कामाच्या ठिकाणच्या संज्ञापनातील

सांगितलेले आणि समजलेले यांत तफावत पाडणारा घटक. यंत्रांचा गोंगाट आणि भाषेचा अडसर हे दोन्ही या एकाच संज्ञेत घ्यावेत का, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संज्ञापनावरील १९४८ च्या निबंधातील आराखड्यात व्यत्ययाचा स्रोत फक्त वाहिनीवर, म्हणजे संदेश ज्यातून जातो त्या माध्यमावर, दाखवला. अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीपुरता गैरलागू असल्याचेही तेथेच नमूद केले. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये त्या आराखड्यात अर्थविषयक व्यत्ययाची वेगळी चौकट सुचविली. कारखान्यातील व्यवहाराला वीव्हर यांचे मत अधिक जुळते, कारण तेथे एक व्यत्यय दुसऱ्याला वाढवतो. गोंगाटात व्यंजने आधी बुडतात. आपल्या भाषेत ऐकणारा राहिलेले अंदाजाने भरून काढतो. परभाषेत ते तितके साधत नाही.

जालन्याच्या पोलाद रोलिंग मिलमध्ये किंवा वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात) मराठी सुपरवायझर आणि हिंदी-भोजपुरी बोलणारे कामगार हे नेहमीचे चित्र. साधे बोलणे १ मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. भोवतालचा गोंगाट ८५ डेसिबलच्या पुढे गेला की हातभर अंतरावरही ओरडावे लागते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९०९–११ च्या सुमारास दाखवले. कानात प्लग असला की उलट घडते: स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो आणि माणूस हळू बोलतो. प्लग काढून सूचना देण्याची सवय यातूनच लागते. ती कानांना घातक आहे.

सर्वांत जास्त चुकतात ते आकडे. ‘सात’ आणि ‘साठ’ गोंगाटात एकच ऐकू येतात, म्हणून प्रेसचा दाब ‘सहा-शून्य’ असा सुटा सांगावा. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवावा. नुसती मान हलवणे पुरेसे धरू नये. क्रेनखाली हाताचे इशारेच चालतात: तर्जनी वर करून लहान वर्तुळ म्हणजे उचला, जमिनीकडे करून वर्तुळ म्हणजे उतरवा. इशारे एकानेच द्यावेत. ‘थांबा’ मात्र कोणीही द्यावा आणि तो पाळलाच पाहिजे.

मराठवाड्याच्या महसूल कचेऱ्यांत जुने दप्तर वाचताना येणारा भाषेचा अडसर लिखित आहे. हैदराबाद संस्थानात बहुधा १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याचे दप्तर मुख्यत्वे उर्दूत राहिले. घाईच्या लिखाणात नुक्ते (अक्षराचे टिंब) गळाले की उर्दू लिपीतील ब, प, त ही अक्षरे शब्दारंभी सारखीच दिसतात. दप्तरातील असे संदिग्ध नाव त्याच गावाच्या इतर पत्रकांशी ताडूनच लावावे लागते.