बाहा बग्गी

बाहा बग्गी : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखून बांधलेली, एका चालकाची, खडबडीत जमिनीवर धावणारी चारचाकी स्पर्धा-गाडी. सांगाडा पोलादी नळ्यांचा, डोक्यावर नळ्यांचेच कोंदण आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे. सर्व संघांना ठरवून दिलेले एकच इंजिन वापरावे लागते व त्याची शक्ती वाढवायला मनाई असते. त्यामुळे संघासंघांतला फरक उरतो तो सांगाडा, सस्पेन्शन आणि शक्ती चाकांपर्यंत नेण्याची योजना यांतच.

नाव व उगम : मराठीत बग्गी म्हटले की घोडागाडी आठवते. इंग्रजीत हा शब्द हलक्या घोडागाडीसाठी निदान १७७३ पासून सापडतो. त्याचे मूळ मात्र अनिश्चित आहे. तो हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला असेही मत आहे, परंतु तो इंग्रजांबरोबर इकडे आला आणि ‘बग्गी’, ‘बग्घी’ ही रूपे त्यातून झाली, हे अधिक संभवनीय वाटते. मोटारीच्या संदर्भात तो कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांवरून रूढ झाला. तेथे ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग घेऊन फायबरग्लासची ‘मेयर्स मँक्स’ ही गाडी केली. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ साली तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी वाळवंटी शर्यत झाली. ती व्हिक विल्सन व टेड मँगल्स यांनी मँक्समधूनच जिंकली.

स्पॅनिशमध्ये ‘बाहा’ म्हणजे खालचा. बाहा कॅलिफोर्निया म्हणजे खालचा कॅलिफोर्निया. त्या भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळचा असल्याने ‘बाहा’ हाच उच्चार ग्राह्य धरावा. आपल्याकडे ‘बाजा’ही सर्रास ऐकू येते. मराठी कानाला त्यात वाजंत्रीचा भास होतो आणि ऐन शर्यतीत गाडी बंद पडली की कोटी करण्याची सोयही होते.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची सुरुवात १९७६ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात जॉन एफ. स्टीव्हन्स यांच्या पुढाकाराने झाली. तेथील मोटार अभियंत्यांची संस्था, संक्षेपाने एसएई, तिच्यामागे होती. आरंभीचे नाव ‘मिनी बाहा’. आजचे ‘बाहा एसएई’ हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. ‘मिनी बाहा’तील बाहा नेमके कोणते, याविषयी दोन तर्क संभवतात : बीटलचे बंपर व मडगार्ड छाटून केलेली ‘बाहा बग’ ही गाडी, किंवा वर उल्लेखिलेली शर्यत. याच संस्थेची रस्त्यावरील छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा १९७९ मध्ये ह्यूस्टन येथे ‘मिनी इंडी’ नावाने झाली. ते नाव उघडच इंडियानापोलिसच्या शर्यतीवरून घेतलेले दिसते. त्या धर्तीवर ‘मिनी बाहा’ही गाडीवरून नव्हे, तर शर्यतीवरून आले असावे.

सांगाडा : कार्यशाळेत याला नुसते ‘केज’ म्हणतात. गाडी उलटली तरी चालकाभोवतीची पोकळी शाबूत राहावी, हा त्याचा हेतू. चालकाच्या पाठीमागची उभी कमान, डोक्यावरच्या दोन नळ्या, पुढचे तिरके टेकू व बाजूच्या धक्का झेलणाऱ्या नळ्या असे त्याचे भाग. हेल्मेट आणि सांगाडा यांत निदान १५२ मिमी. आणि खांदे, कोपर, गुडघे यांच्याभोवती ७६ मिमी. जागा सोडावी लागते.

मुख्य नळ्यांचा मानदंड असा : बाहेरचा व्यास २५.४ मिमी., जाडी ३ मिमी., पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरी नळी वापरायची तर ती वाकण्यातील ताठरपणा आणि वाकण्यातील बळ या दोन्ही कसोट्यांवर या नळीच्या बरोबरीची असल्याचे गणिताने दाखवावे लागते, आणि जाडी १.५७ मिमी.पेक्षा कमी चालत नाही. अननुभवी संघ फसतात ते येथे. महाग मिश्रपोलाद घेतले की प्रश्न मिटला, असा समज असतो. पण ताठरपणा पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (ताणाला दाद न देण्याचा पोलादाचा अंगचा गुण) व छेदाचे जडत्वपरिबल (छेदाच्या आकारमानावरून येणारा आकडा) यांच्या गुणाकारावर ठरतो, आणि हा गुणांक साध्या व भारी पोलादांत जवळजवळ सारखाच, सुमारे २०५ गिगॅपास्कल असतो. अर्थात भारी पोलादाने बळ वाढते, ताठरपणा वाढत नाही. तो वाढवायचा तर नळीचा छेद, मुख्यतः व्यास, वाढवावा लागतो.

मानदंडाच्या नळीचा ताठरपणा सुमारे २,७६० न्यूटन-चौरस मीटर भरतो आणि तिचे वजन मीटरला १.६६ किग्रॅ. क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त ४१३० पोलादाची (‘फोर वन थर्टी’) ३१.७५ मिमी. व्यासाची, १.६५ मिमी. जाडीची नळी घेतली, तर ताठरपणा ३,६०० च्या वर जातो आणि वजन १.२२ किग्रॅ.वर येते; म्हणजे मीटरमागे ४३०-४४० ग्रॅमची बचत. मात्र पातळ नळीला चिमटा किंवा खड्डा लवकर पडतो. टिग वेल्डिंगचा (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडण्याचा एक प्रकार) आर्क क्षणभर जास्त रेंगाळला तर भोक पडते, ते वेगळेच.

जोडकामाची परीक्षा नमुन्यांवर होते आणि ते नमुने सांगाडा जोडणाऱ्यानेच करायचे असतात. काटकोनातला जोड मोडेपर्यंत ताणतात. तो जोडावर न तुटता नळीच्या अंगात तुटला पाहिजे. तीस अंशांच्या कोनातला दुसरा जोड लांबीत उभा चिरून आतपर्यंत वितळलेल्या धातूचा रस उतरला आहे का, हे पाहतात. वरून नाण्यांच्या चवडीसारखी सुबक दिसणारी शिवण आतून पोकळ निघू शकते. नळीचे टोक दुसऱ्या नळीवर चपखल बसेल असे माशाच्या तोंडासारखे कापणे (नॉचिंग) हे खरे कौशल्य. तेथे फट राहिली तर वेल्डर ती भरून काढतो, आणि नमुना चिरल्यावर तीच नडते. टाके (‘टॅक’) मारून मापे तपासल्यावरच पक्का जोड देतात. नाहीतर उष्णतेने सांगाडा एका अंगाला ओढला जातो.

शक्तिवहन : अनेक वर्षे प्रचलित राहिलेले इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीचे, एका सिलिंडरचे, ३०५ घ.सेंमी.चे, सुमारे १० अश्वशक्तीचे. गव्हर्नरने त्याचे फेरे मिनिटाला ३,८०० वर रोखलेले असतात. भारतातील अनेक संघांनी प्रारंभी तीनचाकी टेम्पोची गिअरपेटी वापरली, कारण ती स्वस्त होती व कोठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळे. पुढे पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी (गिअर न बदलता वेगाचे गुणोत्तर आपोआप बदलणारी योजना) रूढ झाली. तिच्या इंजिनाकडील चालक-पुलीतील वजने फेरे वाढताच बाहेर सरकतात, पुलीच्या दोन ताटल्या जवळ येतात आणि पट्टा मोठ्या व्यासावर चढतो. चाकांकडील चालित पुलीत याच्या उलट घडते. वजने व स्प्रिंगा बदलत इंजिन आपल्या महत्तम शक्तीच्या फेऱ्यांवर टिकवून धरणे, यालाच ‘ट्यूनिंग’ म्हणतात. पट्ट्यावर चिखलपाणी गेले की तो घसरतो आणि जळक्या रबराचा वास चालकाला आधी कळतो.

सस्पेन्शन पुढे बहुधा दुहेरी विशबोनचे (वर-खाली दोन त्रिकोणी भुजांचे), मागे ट्रेलिंग आर्मचे (मागे चाकाकडे जाणाऱ्या भुजेचे). ब्रेकची द्रवचालित मंडले दोन व स्वतंत्र असावी लागतात, आणि पेडल दाबताच चारही चाके जागीच जखडली पाहिजेत. पाच सेकंदांत चालक पट्टे सोडून बाहेर आला नाही तर गाडी तपासणीतच अडते.

स्पर्धा : एकूण गुण १,०००, त्यांपैकी ४०० चार तासांच्या सहनशक्ती-शर्यतीचे. उरलेले आराखडा, खर्चाचा अहवाल, वेग, चढण, वळणे इत्यादींचे. शर्यतीत वेगापेक्षा गाडी न मोडणे महत्त्वाचे ठरते.

भारतात ही स्पर्धा एसएईइंडिया या एसएईशी संलग्न भारतीय संस्थेने २००७ च्या सुमारास सुरू केली. तिला महिंद्र अँड महिंद्रचे पाठबळ लाभले. इंदूरजवळच्या पिथमपूर (जि. धार) येथील नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र तिचे प्रमुख ठिकाण. विजेवरील गाड्यांचा विभाग २०१५ पासून आहे. महाराष्ट्रातून पुणे, मुंबई, नाशिक, सांगली येथील महाविद्यालयांचे संघ उतरतात. पुण्याकडची बरीच कामे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या कार्यशाळांत होतात. तयार गाडी टेम्पोत दोरखंडांनी आवळून धुळे, शिरपूर, सेंधवा या आग्रा रस्त्याने पिथमपूरला नेली जाते. हवा भरलेले शॉक-अब्सॉर्बर प्रवासात दबू नयेत म्हणून सांगाड्याखाली लाकडी ठोकळे देतात.